बाणाची दांडी : आधी रेषा पाहाव्या, सरळपणा नंतर

प्रश्न : मी वर्षभरापासून 40 पौंडांच्या (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला इतका जोर लागणाऱ्या) लाकडी धनुष्याने सराव करतो. वखारीतून पाइनची फळी आणून सुताराकडून तिच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि त्या रंध्याने गोल करून 12 दांड्या तयार केल्या. सगळ्या सरळ आहेत, जाडीही सारखीच वाटते. तरीही काही बाण डावीकडे जातात, काही उजवीकडे, आणि दोन दांड्या तर दोरी सुटताक्षणीच मोडल्या. दोष लाकडाचा आहे की माझ्या हाताचा?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी मोडलेल्या दांड्यांविषयी लिहितो, कारण तो प्रश्न आपल्या सुरक्षिततेचा आहे. उरलेल्या 10 दांड्या तपासून होईपर्यंत कृपया धनुष्याला लावू नयेत. सुताराची करवत फळीच्या कडेला समांतर चालते. लाकडाच्या रेषा त्या कडेला समांतर असतीलच असे नाही. रेषा तिरप्या असल्या तर दांडी दिसायला सरळ राहते, पण तिच्यातले तंतू मध्येच पृष्ठभागावर येऊन संपतात. दोरीचा धक्का बसताच दांडी वाकते आणि नेमकी त्या तिरप्या रेषेवर फाटते. मोडलेले टोक सुईसारखे लांब व धारदार असते आणि ते धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. म्हणून प्रत्येक दांडी उजेडात फिरवून पाहावी. वीतभर लांबीच्या आत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारी रेष दिसली, तर ती दांडी बाजूला काढावी. तिचा मोह धरू नये. बाकीच्या दांड्या दोन्ही हातांत धरून चारही दिशांनी हलकेच वाकवाव्या आणि कान देऊन ऐकावे. बारीकशी कड्‌कड ऐकू आली, तरी ती दांडी बाद समजावी. ही तपासणी पहिल्यांदाच नव्हे, तर बाण कठीण जागी आपटल्यावर प्रत्येक वेळी करायची असते.

पुढच्या खेपेला फळी कापण्यापूर्वी ती फोडून पाहावी. फळीच्या एका टोकाला कडेजवळ रुंद पटाशी किंवा कोयता ठेवून लाकडी मोगरीने ठोकले की लाकूड स्वतःच्या रेषेने उकलते. उकललेली कड सरळ आली तर फळी कामाची आहे, आणि त्या कडेला समांतर पट्ट्या कापाव्या. कड पिळवटलेली किंवा वळलेली आली तर फळी कितीही सुरेख असली तरी दांडीसाठी घेऊ नये. या पद्धतीत लाकूड वाया जाते याची मला कल्पना आहे, पण हाताने दांडी करण्याच्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे. वाकडी दांडी वाफेवर किंवा मंद आचेवर धरून, हाताने दाबून सरळ करता येते. तुटलेले तंतू मात्र कोणत्याही उपायाने जोडता येत नाहीत.

आता बाण डावीउजवीकडे जाण्याविषयी. धनुष्याचा दांडा बाणाच्या वाटेतच उभा असतो. दोरी बाणाला मागून ढकलते तेव्हा जड टोक क्षणभर मागे राहू पाहते, त्यामुळे दांडी वाकते, धनुष्याला वळसा घालून जाते आणि पुढे लहरत लहरत सरळ होते. हे वाकणे धनुष्याच्या ताकदीला जुळावे लागते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर तो डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. आपले बाण दोन्ही बाजूंना जातात, यावरून आपल्या दांड्यांचा ताठपणा एकसारखा नाही असे मानायला जागा आहे. जाडी सारखी असूनही असे होते, कारण एकाच फळीतल्या दोन पट्ट्यांची घनता वेगळी असू शकते.

ताठपणा मोजण्याचे साधन घरी करता येते. फळीवर 26 इंच अंतराने दोन खुंट्या ठोकाव्या, त्यांवर दांडी आडवी ठेवावी आणि बरोबर मध्यावर 2 पौंड, म्हणजे सुमारे 907 ग्रॅम वजन टांगावे. दांडी मध्यावर जितके इंच खाली येईल त्या आकड्याने 26 ला भागले की ती साधारण किती पौंडांच्या धनुष्याची आहे हे कळते. आपल्या 40 पौंडांसाठी दांडी 0.65 इंच, म्हणजे सुमारे साडेसोळा मिलिमीटर वाकली पाहिजे. हा आकडा सुरुवातीपुरता समजावा. बाण लांब असला किंवा टोक जड असले तर तीच दांडी अधिक लवचीक असल्यासारखी वागते. मोजताना दांडीच्या छेदावरील वर्षवलयांच्या रेघा उभ्या राहतील अशी ती ठेवावी, कारण नेम धरताना धनुष्याकडे तीच बाजू यायची असते. दोरीची खाचही याच हिशेबाने, या रेघांना काटकोनात कापतात. खाच रेघांना समांतर पडली तर दोरी पाचरीसारखे काम करते आणि दांडी उभी चिरते.

दांडी जास्त ताठ निघाली तर घासून ती कमी करता येते, पण हात जपून चालवावा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. 9 मिलिमीटरची दांडी 8.7 वर आणली, तर डोळ्यांना फरक जाणवतही नाही आणि ताठपणा मात्र सुमारे 13 टक्क्यांनी उतरतो. म्हणून काचकागदाचे चार हात फिरवले की पुन्हा वजन टांगून पाहावे, आणि जाडी व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी मोजावी. गोलाई आणण्यासाठी फळीत इंग्रजी व्ही आकाराची खोबण करून, तिच्या टोकाला अडणी ठोकून, चौकोनी पट्टी त्यात बसवावी. आधी चार कोपरे रंध्याने उतरवून आठ बाजू कराव्या, मग सोळा, आणि शेवटी काचकागद. पहिल्याच हाताला गोल करण्याची घाई केली की दांडी लंबगोल होते आणि तिचा ताठपणा प्रत्येक बाजूला वेगळा येतो.

प्रश्न : फळीऐवजी झुडपाच्या सरळ फांद्यांपासून बाण करता येतील का? जुन्या काळी कोणते लाकूड वापरत असत?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नक्की करता येतात, आणि ही रीत फार जुनी आहे. इटली व ऑस्ट्रियाच्या सीमेवरील आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाचे शरीर सापडले. त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्या भात्यात व्हायबर्नम या झुडपाच्या कोंबांच्या 14 दांड्या होत्या. त्यांपैकी दोनच बाण पूर्ण झालेले होते, त्यांची पिसे बर्चच्या डांबराने चिकटवून वर बारीक दोऱ्याने गुंडाळलेली होती. उरलेल्या 12 दांड्यांचे काम अर्धवट होते. त्या अर्ध्या राहिलेल्या कामाविषयी वाचताना मला नेहमी वाटते, की दांडी निवडणे, वाळवणे आणि सरळ करणे हे काम तेव्हाही एका बैठकीत उरकणारे नव्हते. कोंबाचा मोठा गुण हा, की त्याला करवत लागलेली नसते, त्यामुळे त्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतात. कोंब हव्या त्या जाडीपेक्षा थोडा जाड घ्यावा, पाच-सहा एकत्र घट्ट बांधून सावलीत काही महिने वाळू द्यावे आणि मधून मधून सोडून, ऊब देऊन सरळ करावे.

इंग्लंडची गोष्ट वेगळी, कारण तिथे सैन्यासाठी बाण मोठ्या संख्येने लागत. 1545 साली बुडालेले मेरी रोझ हे जहाज 1982 मध्ये वर काढले गेले. त्यावर साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले आणि त्यांतले बहुतेक पॉप्लरचे होते. पॉप्लरच्या कुळातल्या अॅस्पेनची तर इतकी गरज होती, की पाचव्या हेन्रीच्या राजवटीत 1416 साली कायदा करून खडावा बनवणाऱ्यांना ते लाकूड वापरण्यास मनाई केली गेली. आज पाश्चात्त्य देशांत अमेरिकेच्या ओरेगनच्या किनारपट्टीतले पोर्ट ऑरफर्ड सीडर हे सरळ रेषांचे, हलके लाकूड विशेष पसंत केले जाते. आपल्याकडे ते मिळाले नाही तरी अडत नाही. वर सांगितलेल्या कसोट्यांना उतरणारे लाकूड कोणत्याही नावाचे असो, ते चालेल.

प्रश्न : आपल्याकडे बांबू मुबलक असताना लाकडाचा खटाटोप कशासाठी?
(एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आपला मुद्दा रास्त आहे. तिरकमठा वापरणाऱ्या भिल्लांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची असते, आणि संस्कृतातील ‘शर’ या शब्दाचा अर्थ बाण आहे तसाच बोरूच्या जातीचे गवत असाही आहे. जपानी धनुर्विद्येतही बाणासाठी यादाके नावाचा बारीक बांबू परंपरेने वापरतात.

लाकडाची सवय असलेल्याने बांबू हाती घेताना एकच गोष्ट सांभाळावी. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात, म्हणून त्यावर रंधा चालवून जाडी कमी करू नये. फक्त पेरांचे उंचवटे कानशीने हलके उतरवावे. घासून ताठपणा जुळवण्याची वाट इथे बंद असल्याने सगळी मदार निवडीवर येते. बारा बाण हवे असतील तर तीस-चाळीस काड्या जमवाव्या, वाळल्यावर प्रत्येकीवर तेच 2 पौंडांचे वजन टांगून आकडा तिच्यावर पेन्सिलीने लिहावा आणि जवळजवळच्या आकड्यांच्या काड्या एका जुडीत बांधाव्या. मग प्रत्येक काडी निखाऱ्यावर फिरवत, आधी दोन पेरांमधला भाग आणि नंतर पेर, अशा क्रमाने सरळ करावी आणि पूर्ण गार होईपर्यंत हातातून सोडू नये.