पाण्याचा वेग मोजणारं पंख्याचं मीटर नाही, तर मीठ टाकून ओढ्याचा प्रवाह मोजता येतो का?

हो, येतो, आणि खडकाळ ओढ्यात तर मीठच बरं पडतं, कारण दगडांमधून पाणी उसळत असताना खोली आणि वेग कुठे कुठे मोजणार. मीठ विरघळल्यावर मोजायचं काय असं तुम्ही विचारलंय, तर कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते. लिटरमागे 1 मिलिग्रॅम मीठ वाढलं की ती साधारण 2 मायक्रोसिमेन्सनी (हे तिचं एकक, दर सेंटिमीटरला) वाढते, पण त्याच ओढ्याचं पाणी बाटलीत घेऊन, मोजून मीठ घालून तुमच्या कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा आधी काढाच.

आम्ही कॉलेजात असताना पावसाळा संपल्यावर, परवानगी काढून, मुंबईतल्या नॅशनल पार्कात दहिसर नदीवर केलं होतं. 500 ग्रॅम मीठ बादलीत नदीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवलं (तळाशी खडे राहिले की गणित तिथेच चुकलं) आणि मधल्या धारेत एकदम ओतलं, खाली मी मीटर धरून उभा. 180, 180, 181, मग 204, 231, चढत चढत 260, आणि तिथून उतरायला लागलं ते इतकं हळू, कारण दगडांआडच्या डबक्यांत अडकलेलं मीठ सावकाश बाहेर येतं. 196 ला आम्ही मीटर बंद केलं. हिशोब आला सेकंदाला 59 लिटर. सरांनी परत करायला लावलं, पुन्हा 180 दिसेपर्यंत पाण्यातून हलू दिलं नाही, तेव्हा आले 50.

हिशोब असा, दर 5 सेकंदांनी आकडा लिहायचा, त्यातून सुरुवातीचे 180 वजा करायचे, बाटलीत काढलेल्या आकड्यावरून लिटरमागे मिलिग्रॅममध्ये बदलून सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला 5 नी गुणायचं. आमची बेरीज 2,000, म्हणजे गुणून 10,000. मीठ 5,00,000 मिलिग्रॅम, त्याला 10,000 नी भागलं की 50 लिटर. शेवटचे आकडे सोडले की बेरीज कमी पडते आणि प्रवाह उगाच जास्त दिसतो, आमचं तेच झालं होतं.

मीठ ओतायची जागा आणि मीटर यांत ओढ्याच्या रुंदीच्या निदान 20-25 पट अंतर ठेवा, मध्ये दुसरा ओहोळ मिळत नाही ना बघा, आणि दोन्ही काठांना मोजा. दोन्हीकडची बेरीज जुळली नाही तर मीठ नीट मिसळलेलं नाही, अजून खाली सरका.

मुंबईतल्या मिठी नदीवर माहीमकडे मात्र हे करायला जाऊ नका, भरतीला खाडीचं खारं पाणी वर चढतं आणि तुमचं अर्धा किलो मीठ त्यात दिसणारसुद्धा नाही.