तीन वर्षांचं मूल बरंचसं पाकिटातलंच खातं, त्याच्या बुद्धीवर परिणाम झाला असेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असल्यापासून बिस्किटं, चिप्स, गोड सीरियल आणि खोक्यातला ज्यूस यांवरच त्याचं पोट भरतं, वर दिवसाला तीन-चार बाटल्या दूध. आता तुमच्या वाचनात आलं की तिसऱ्या वर्षी असं खाणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक पुढे कमी भरतो, आणि तुम्ही विचारताय, "मी त्याचं कायमचं नुकसान करून बसले का?"

असं म्हणण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही, कारण पुढे देते. पण तुमच्या यादीतली एक गोष्ट मला खटकली आणि तिच्याकडे तुम्ही या आठवड्यातच लक्ष द्यावं असं वाटतं. मुलाच्या दिवसभराच्या खाण्यात लोह देणारा असा एकही पदार्थ मला दिसला नाही.

मी लहान मुलांची आहारतज्ज्ञ आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या बऱ्याच आया हाच प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारतात.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा इंग्लंडमधल्या एका दीर्घ अभ्यासावरची असावी. ब्रिस्टल आणि आसपासच्या भागात 1991-92 च्या सुमारास जन्मलेल्या सुमारे 14,000 मुलांचा मागोवा तिथे घेतला गेला. आईवडिलांनी मुलं 3, 4, 7 आणि साडेआठ वर्षांची असताना त्यांच्या खाण्याची माहिती भरून दिली आणि साडेआठाव्या वर्षी मुलांची बुद्ध्यांक चाचणी झाली. त्यातल्या जवळपास 4,000 मुलांची पूर्ण माहिती हाती होती. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी ज्यांच्या खाण्यात साखर, चरबी आणि तयार पदार्थ जास्त, त्यांचा बुद्ध्यांक साडेआठाव्या वर्षी थोडा कमी. किती कमी? अशा खाण्याच्या गुणांकात एका प्रमाण विचलनाची (मुलामुलांत साधारणपणे जेवढा फरक असतो त्याच्या मापाची) वाढ झाली की 1.67 गुण.

हा आकडा नीट बघा. बुद्ध्यांकाची सरासरी 100 असते आणि प्रमाण विचलन 15. एकाच मुलाची चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी घेतली तरी दोन-तीन गुण सहज इकडेतिकडे होतात. हजारो मुलांच्या सरासरीत 1.67 गुणांचा फरक उठून दिसतो, पण तुमच्या एकट्या मुलाकडे बोट दाखवून कुणीच सांगू शकत नाही की याचे इतके गुण खाण्यामुळे गेले.

शिवाय ज्या घरात पाकिटं जास्त उघडली जातात त्या घरात आणखीही बरंच काही वेगळं असतं: आईवडिलांचं शिक्षण, हातातला वेळ, पैशाची ओढाताण, मुलाशी होणाऱ्या गप्पा, घरातली पुस्तकं. संशोधकांनी यातल्या पुष्कळ गोष्टी हिशेबात धरल्या आणि तरीही थोडा फरक उरला. पण घरातलं वातावरण पूर्णपणे आकड्यात पकडता येत नाही. म्हणून "खाण्यामुळेच" असं त्या अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही.

मग मी हा विषय हलका का मानत नाही? त्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 4 आणि 7 वर्षांच्या वयातल्या तशाच खाण्याचा बुद्ध्यांकाशी वेगळा संबंध दिसला नाही, तिसऱ्या वर्षाच्या खाण्याचा मात्र दिसला, आणि तोही पुढच्या वर्षांतलं खाणं हिशेबात धरूनही. पहिल्या तीन वर्षांत मेंदू ज्या वेगाने वाढतो त्याच्याशी हे जुळतं. जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ते सुमारे 80 टक्क्यांवर जातं. पाचव्या वर्षाच्या आसपास शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी 40 टक्क्यांहून जास्त ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. या काळात मज्जातंतूंवर मायेलिनचं आवरण चढत असतं, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस घडत असतो, पेशींमध्ये संदेश नेणारी डोपामिनसारखी रसायनं तयार होत असतात. या तिन्ही कामांना लोह लागतं. आयोडीन, जस्त, चांगली स्निग्धं आणि प्रथिनंही लागतात, पण लहान मुलांत सगळ्यात जास्त तुटवडा मला लोहाचाच दिसतो.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात 1980 च्या दशकात वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचं लोह तपासलं गेलं आणि ती 19 वर्षांची होईपर्यंत त्यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या गेल्या. तान्हेपणी ज्यांची लोहाची तीव्र कमतरता लांबली होती, ती मध्यमवर्गीय घरातली मुलं इतरांपेक्षा 8-9 गुणांनी मागे होती आणि तितकीच मागे राहिली. गरीब घरांत हे अंतर 10 गुणांपासून 25 पर्यंत वाढत गेलं. त्या मुलांची कमतरता पाकिटांमुळे आली होती असं मी म्हणत नाही. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, पुराव्याच्या मर्यादा त्यालाही आहेत. पण 1.67 आणि 8-9 हे दोन आकडे शेजारी ठेवले की मी बिस्किटं मोजण्याआधी रक्त तपासायला का सांगते, ते कळेल.

पाकिटातल्या खाण्याचा मोठा तोटा म्हणजे ते जागा अडवतं. सव्वातीन वर्षांच्या मुलाचं पोट लहान, भूक लवकर भागते. तयार पदार्थ मऊ, गोड-खारट आणि पटकन गिळता येतील असे बनवलेले असतात. अमेरिकेत 2019 मध्ये 20 प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तितकं खाऊ दिलं, तेव्हा पहिल्या आहारात ती माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि खातही भराभर होती. मोठ्या माणसाचं वजन वाढतं. लहान मुलाच्या बाबतीत मला दुसरीच काळजी वाटते: ज्यूस आणि दोन बिस्किटांनी भूक मेली की समोरचं अंडं, कडधान्य, मासा, पालेभाजी तो बघतही नाही.

यात दुधाचाही हात असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दूध म्हणजे चांगलंच असं आपण धरून चालतो. लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. या वयाच्या मुलाची रोजची गरज साधारण 7 मिलिग्रॅम. दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह शोषण्यातही अडथळा आणतं. म्हणून दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, आणि बाटलीऐवजी पेल्यातून द्या.

साखर खाल्ली की मुलं अनावर होतात असंही तुम्ही लिहिलंय. हे सिद्ध झालेलं नाही. 1994 मधल्या एका प्रयोगात मुलांना साखर दिलीच नव्हती, पण आईला "दिली" असं सांगितलं होतं, आणि त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. साखर कमी करायची ती दातांसाठी आणि खऱ्या जेवणाला जागा व्हावी म्हणून. रंगांचं मात्र थोडं वेगळं आहे. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला 3 आणि 8-9 वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात सहा कृत्रिम रंगांपैकी काही आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारं रसायन यांच्या मिश्रणाने चंचलपणात थोडी वाढ दिसली, आणि 2010 पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर तसा इशारा छापणं बंधनकारक झालं. भडक रंगाची गोळी-पेयं टाळा, एवढं त्यातून घ्या.

आणि कृपा करून "प्रक्रिया केलेलं म्हणजे विष" असं मानू नका. गोठवलेले मटार, दही, लोह घातलेलं बाळांचं सीरियल, आयोडीनयुक्त मीठ, या सगळ्यांवर प्रक्रियाच झालेली असते आणि यातल्या काहींनी कितीतरी मुलांचे मेंदू वाचवलेत. घरी नेहमी वापरत नाही अशा घटकांची लांबलचक यादी, वर भरपूर साखर किंवा मीठ, अशी पाकिटं कमी करायची आहेत.

नोकरीच्या सुरुवातीला एका आईला मी मोठी यादी दिली होती: हे बंद, ते बंद, आजपासून बंद. दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा मुलाचं वजन उतरलं होतं आणि ती माझ्याकडे न बघता बोलत होती. मूल उपाशी राहत होतं, रोज जेवताना रडारड होत होती, आणि तिला वाटत होतं की दोष आपलाच. ती चूक माझी होती. त्यानंतर मी कधीच एका फटक्यात सगळं बंद करायला सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते ते असं. पाकिटं घरात आणणं हळूहळू कमी करा, पण त्याच्या हातातून हिसकावू नका. जेवणाच्या तासभर आधी ज्यूस, दूध, बिस्किट काही नको, फक्त पाणी. भुकेलं मूल नवा पदार्थ निदान हातात तरी घेतं. त्याला आवडणाऱ्या पदार्थाशेजारी नव्याचा अगदी नखाएवढा तुकडा ठेवा आणि त्याबद्दल एक शब्दही बोलू नका. दोन ते सहा या वयात नव्या चवीला नकार देणं हा वयाचाच भाग असतो. एखादी चव स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर "त्याला आवडतच नाही" असं ठरून जातं, तिथेच सगळं अडतं. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. कडधान्याबरोबर लिंबू किंवा संत्र्यासारखं आंबट फळ दिलं तर लोह जास्त शोषलं जातं. शेंगदाणे-बदाम अख्खे देऊ नका, घशात अडकतात. पूड किंवा लोणीसारखी पेस्ट चालेल.

आणि जेवताना त्याच्याशी गप्पा मारा. कोस्टारिकात लोह कमी असलेल्या आणि नसलेल्या मुलांमधलं अंतर मध्यमवर्गीय घरांत तितकंच राहिलं आणि गरीब घरांत वाढलं, म्हणजे घरातल्या वातावरणाचाही वाटा असावा, हे मी विसरू शकत नाही.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलात की हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासायला सांगा. या वयात हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, पण साठा त्याच्या आधीच आटत असतो. पाच वर्षांखालच्या मुलात फेरिटिन 12 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल तर कमतरता मानतात. लोहाचे थेंब दुकानातून आणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका, जास्त झालं तर ते लहान मुलाला धोकादायक ठरतं. आणि मुलाला सर्दी-ताप असेल तर तपासणी पुढे ढकला किंवा डॉक्टरांना तसं सांगा, कारण आजारपणात फेरिटिन वर जातं आणि कमतरता असूनही अहवाल ठीक दिसतो.