वजन तूच कर, विचारून लिहू नकोस

बाळा,

तुझा मेसेज नाईट संपवून येताना ट्रेनमध्ये टाईप केलेला दिसतोय, अर्धे शब्द खाल्लेत, पण कळलं सगळं. दिव्याला राहणारे ते हार्ट फेल्युअरचे काका, हृदय पंपाला कमी पडून अंगात पाणी साठतं ते, महिनाभरात परत ॲडमिट झाले, परत तीच धाप, परत पाय सुजलेले, आणि तुला वाटायला लागलंय की आपण एवढं राबतो त्याचा उपयोग काय, त्यापेक्षा कॅथलॅबला, अँजिओग्राफी करतात तिथे, बदली मागते. बदलीचं नंतर. आधी सांग, गेल्या वेळी घरी सोडताना त्यांचं खरं वजन किती होतं? तूच लिहिलंयस की चार्टवर तीन दिवस ६८ किलो होतं. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या लॅसिक्सची इंजेक्शनं चालू, लघवीची युरोबॅग भरतेय आणि वजन हलत नाही, असं होतं का गं? कोणीतरी कालचा आकडा उतरवला. तू नाही उतरवलास, माहितीय मला, पण हँडओव्हरला निमूट ऐकून घेतलास ना.

वजन स्वतः करायचं. सकाळी, लघवी झाल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी, रोज तोच काटा, तेच हॉस्पिटलचे कपडे. काटा बेडखालून ओढून सपाट फरशीवर ठेव, एक कोपरा उचललेला असला तरी आकडा खोटा येतो. आणि उभं केल्यावर पेशंटच्या हातांकडे बघ. एका हाताने सलाईनचा स्टँड गच्च धरलेला असतो आणि दुसऱ्या हातात युरोबॅग. बॅगेत ८०० एमएल असेल तर तू जवळजवळ ८०० ग्रॅम लघवी पेशंटच्या नावावर लिहितेस. आधी बॅग रिकामी कर, आऊटपुट लिही, मग काटा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं साधं आहे. आय-ओ चार्टात, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्या हिशोबात, नातेवाईकांनी पाजलेलं नारळपाणी सुटतं, घाम सुटतो, दुपारचा चोरून घेतलेला चहा सुटतो. काट्यावर काही सुटत नाही. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडायला लागतो तोवर अंगात कितीतरी लिटर पाणी साठलेलं असतं. हां, काहींना वजन फारसं न वाढताही धाप लागते, म्हणून रात्री किती उशा लागतात, झोपेतून गुदमरून उठून बसतात का, हे विचारायचंच. उशा विचारायच्या, वजन करायचं.

इंजेक्शन दिल्यावरही तेच, पहिल्या सहा तासांत तासाला १०० एमएलसुद्धा लघवी होत नसेल तर राऊंडची वाट बघत बसू नकोस, आरएमओला, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लाव. पोटॅशियमचा रिपोर्ट आला का तेही बघ. चिडतात म्हणालीस. चिडू देत! मलाही मेट्रननी बोलावून सांगितलं होतं, सिस्टर, तुम्ही फार अडून बसता. हो, बसायचे. न केलेल्या वजनावर मी सही केली नाही, नाईटच्या पोरी माझ्यावर रुसायच्या, इनचार्जची पोस्ट माझ्या मागून आलेल्यांना आधी मिळाली आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण खोट्या ६८ वर डॉक्टरांनी गोळीचा डोस ठरवला तर त्यांना तरी काय बोलणार? माझं बरोबरच होतं. उद्या परत ड्यूटीवर उभं केलं तरी तेच करीन.

आता काकांचं. ते घरी जातील तेव्हा सुनेला समोर बसव आणि डिस्चार्ज कार्डावर त्या दिवशीचं वजन मोठ्या अक्षरात लिही. घरी काटा घ्यायला लाव, आणि आकडा कालनिर्णयवर लिहायला सांग, दुधाचा हिशोब लिहितात तिथेच. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं की फोन, धाप लागायची वाट बघायची नाही. "मीठ कमी" असं मोघम बोलून कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचं अशी नावं घे, आणि दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत म्हणजे चहाचा एक चमचा, तो काढून दाखव. लो सोडियम मीठ कोणी सुचवलं तर थांबव, त्यात पोटॅशियम असतं, आणि काका स्पायरोनोलॅक्टोनवर आहेत, त्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक बंद, तिने पाणी साठतं.

आणि एक गोष्ट जी कोणी विचारत नाही. ओपीडीच्या दिवशी काका लॅसिक्स घेतात का? दिव्याहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बर, लोकलमध्ये बाथरूम नाही, म्हातारा माणूस लाजेपोटी गोळी चुकवतो आणि कोणाला सांगतही नाही. त्या दिवशी गोळी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घे. दुपारचे चार वाजून गेले असतील तर रात्रभर उठावं लागेल, तेही सांग.

कॅथलॅबला जायचंय तर जा, फॉर्म भर, मी अडवत नाही. फक्त काका घरी जाईपर्यंत त्यांचं सकाळचं वजन दुसऱ्या कोणावर सोडू नकोस, नाईट असली तर उतरायच्या आधी कर. शनिवारी ऐरोलीला घरी ये, रविवारी मेगाब्लॉक असला तर अडकशील. येताना तुमच्या वॉर्डचा कोरा चार्ट आण, त्यात वजनाचा रकाना कुठे कोपऱ्यात घातलाय ते मला बघायचंय, मग इनचार्जला काय लिहून द्यायचं ते बसून ठरवू.

तुझी,
सिस्टर