पुनर्बांधणी चालू असलेल्या (म्हणजे सध्या हरणं पत्करून तरुणांना घडवणाऱ्या) बेसबॉल संघातले अनोळखी खेळाडू पुढे चमकतात का?
काही चमकतात, पण नेमके कोण, हे संघालाही कळत नाही. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचंच बघा. २०१३ मध्ये १६२ पैकी १११ सामने हरले. त्याच संघात, नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्ट) सातव्या फेरीत घेतलेला डॅलस कायकल हा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) फलंदाजांकडून बेदम मार खात होता. २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला! उलट जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजाला अ‍ॅस्ट्रोजने मार्च २०१४ मध्ये सोडून दिलं. डेट्रॉइटच्या संघाने उचललं आणि त्याच हंगामात पठ्ठ्याने २३ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) ठोकले.

म्हणून अशा खेळाडूची नुसती सरासरी बघून निकाल लावू नका. पंचविशीच्या आसपासचा असेल आणि रोज खेळायला मिळत असेल, तर धीर धरा. तिशी ओलांडलेला बहुतेकदा जागा भरायला आणलेला असतो.