जुन्या गॉडझिला चित्रपटांत पोशाखातला माणूस असायचा की बाहुली? आणि 'किंग काँग'सारखी बाहुलीच का नाही वापरली?

दोन्ही असायचं, बरेचदा एकाच प्रसंगात. १९५४च्या पहिल्या 'गॉडझिला'त चालणं, इमारती तुडवणं हे पोशाखातल्या माणसाचं काम, मुख्यतः हारुओ नाकाजिमा यांचं. तोंडातून वाफ सोडतानाचे काही क्लोजअप मात्र हातात घालायच्या बाहुलीचे आहेत. लागोपाठचे दोन शॉट थांबवून पाहा, डोक्याची ठेवण बदललेली दिसते. बाहुलीच्या शॉटमध्ये पायही कधी दिसत नाहीत.

१९३३चा 'किंग काँग' म्हणजे मुख्यतः सुमारे ४५ सेंटिमीटरची सांध्यांची बाहुली. ती जराशी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची. एका सेकंदाला २४ फ्रेम. काँगचे केस उगाचच थरथरतात ते हलवणाऱ्याच्या बोटांमुळे. 'गॉडझिला'चे विशेष दृश्यपरिणाम करणारे एइजी त्सुबुराया यांना ही पद्धत आवडायची, पण तो चित्रपट काढणाऱ्या तोहो स्टुडिओकडे तेवढा वेळ नव्हता. शिवाय कोसळती भिंत, धूर, पाणी फ्रेम-फ्रेमने हलवता येत नाही, ते वेगळं चित्रित करून जोडावं लागतं. पोशाखातला माणूस इमारतीला धडकला की ढिगारा त्याच्याच अंगावर पडतो. माझ्या मते पोशाखाची खरी ताकद हीच.

आता वजन कसं दाखवायचं? गॉडझिला ५० मीटरचा, पोशाख साधारण २ मीटरचा, म्हणजे प्रमाण १:२५. ५० मीटरवरून वस्तू पडायला ३.२ सेकंद लागतात, २ मीटरवरून ०.६४. पाचपट फरक, म्हणजे २५चं वर्गमूळ. त्यामुळे गणिताने कॅमेरा सेकंदाला २४ऐवजी १२० फ्रेमवर चालवायला हवा; मग ते २४ने दाखवलं की हालचाल पाचपट संथ, म्हणजे जड वाटते. तसं केलं की प्रत्येक फ्रेमला प्रकाश एक पंचमांश मिळतो, म्हणून दिवे पाचपट. त्यात छोट्या इमारती पुढपासून मागपर्यंत स्पष्ट दिसायला भिंगाचं छिद्रही लहान ठेवायचं, म्हणजे आणखी दिवे. ही सगळी उष्णता आतल्या माणसाच्या वाट्याला. पहिला पोशाख तर सुमारे १०० किलोंचा आणि इतका ताठ होता की त्यात धड चालता येईना. तो कापला आणि कमरेखालचा भाग पायांच्या शॉटसाठी वापरला.

कॅमेऱ्याचा वेग चुकला की काय होतं ते १९५५च्या दुसऱ्या गॉडझिला चित्रपटात दिसतं. काही मारामारी कमी फ्रेमवर चित्रित झाली आहे. प्राणी भराभर झटापट करतात आणि वजन क्षणात गायब.

बाहुलीची अडचण वेगळी. ती पोशाखाच्या निम्मी, म्हणजे १:५० असेल, तर कॅमेरा सातपट वेगाने हवा. आग आणि पाणी तर कोणत्याच प्रमाणाला दाद देत नाहीत. थेंब लहान होत नाही, म्हणून लहान बाहुलीभोवतीचं पाणी लगेच टबातलं वाटतं.

पंख आणि जास्तीची डोकी आली की दोन्ही एकत्र येतात. १९६४च्या किंग गिदोरा या तीन डोक्यांच्या उडत्या राक्षसाच्या पोशाखात माणूस होता. तीन माना, पंख आणि शेपट्या मात्र वरून तारांनी, कळसूत्रीसारख्या हलवायचे. तारा दिव्यात चमकतात, म्हणून उजळ आकाशासमोर त्या शोधा.

चार पायांचा प्राणी हा पोशाखाचा सगळ्यात कच्चा दुवा. आत माणूस गुडघ्यांवर रांगतो. त्याच १९५५च्या चित्रपटात गॉडझिलाशी लढणाऱ्या अँगिरस या चार पायांच्या प्राण्याचे मागचे पाय बघा: तळवे मागे फरपटत जातात.