गळ्यानेही शिकवा

ताई, जळगावात योगवर्ग सुरू करताय, फार बरं वाटलं. एकच आग्रह आहे: आसनं घेताना स्पीकरवर बासरी लावू नका. लोकांचं लक्ष श्वासावरून सुटतं. त्यापेक्षा शेवटची दहा मिनिटं तानपुरा लावा, पट्टी, म्हणजे सुराची उंची, खालची ठेवा आणि षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, ओंकार घ्या. ‘ओ’ छातीत घुमतो. ‘म’ला ओठ मिटले की कंप नाकात, कपाळात जाणवतो. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करायचा प्राणायाम, त्यातही तेच. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, नादानुसंधान (आतल्या नादावर मन लावणं) आलंय, ते वाचाच. मेहरूण तलावाकाठी पहाटे खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, लावायला लागले, तेव्हा कुठे माझा रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांबला. गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे सहा महिने तरी जा. आणि मे महिन्यात वर्ग पहाटे साडेपाचलाच भरवा, थंडावा देणारा शीतली प्राणायाम रोज घ्या.