शेतातून जाणारी हक्काची वाट

प्रश्न : मुलगी न्यूकॅसलला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. माझं वय ६२, सह्याद्रीतले गड अजून चढतो. इंग्लंडच्या उत्तरेतल्या, रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीकाठच्या लांब पल्ल्याच्या वाटेवर निदान एक दिवस चालायचं मनात आहे. कुठला टप्पा निवडावा? शिवाय ही वाट लोकांच्या खासगी शेतांतून जाते असं ऐकलं. कोणी हटकलं तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण चालायला निघालेल्या आपल्या माणसांच्या मनात ही धास्ती असतेच. कोणी हटकणार नाही. इंग्लंडमध्ये शेत खासगी असलं, तरी त्यातून जाणारी नोंदलेली पायवाट सगळ्यांची असते. १९४९च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदवणं काउंटी कौन्सिलांवर (आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांवर) बंधनकारक केलं आणि जमीनमालकाला त्या परस्पर बंद करता येत नाहीत. या देशातली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ‘ओएल ४३’ हा नकाशा घ्या, त्यात या वाटा तुटक हिरव्या रेषांनी दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात फाटकांवर आणि खांबांवर ओकच्या फळाची खूण शोधत चला.

वाट हक्काची, पण गुरं शेतकऱ्याची. फाटक लावलेलं असेल तर लावून पुढे जा, उघडं असेल तर उघडंच ठेवा. जूनमध्ये गाईंबरोबर वासरं असतात. त्यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला.

आता टप्पा. पूर्ण वाट ८४ मैलांची, म्हणजे सुमारे १३५ किलोमीटर. एकच दिवस असेल तर वन्स ब्रूड हे खेडं ते चेस्टर्सचा रोमन किल्ला, साधारण वीस किलोमीटर. अनेक जण हे अंतर उलट दिशेने चालतात. मी मात्र पश्चिमेकडूनच सुरुवात करा म्हणेन. इथला वारा बहुधा पश्चिमेचा, तो पाठीवर राहतो आणि अवघड चढउतार सकाळच्या ताज्या पायांनी उरकतात. न्यूकॅसलहून हेक्सहॅमपर्यंत रेल्वे, पुढे ‘एडी १२२’ बस. भिंतीचं काम इ. स. १२२मध्ये सुरू झालं, त्यावरून हा नंबर.

वन्स ब्रूडजवळच्या स्टील रिगपासून वाट आधी खिंडीत उतरते आणि लगेच पील क्रॅगच्या दगडी पायऱ्या चढू लागते. खडी चढण आहे, पावसात दगड निसरडे होतात. वर पोहोचलात की गडावर आल्यासारखं वाटेल : उत्तरेला तुटलेला काळा कडा आणि माथ्यावरून गेलेली तटबंदी. हा दगड डोलेराइट, आपल्या बेसॉल्टचा भाऊबंद. फरक इतकाच की हा शिलारस पृष्ठभागावर न येता जमिनीखालीच गोठला, तेही सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे सह्याद्रीच्या कितीतरी आधी. रोमनांनी हा आयता कडा हेरला आणि त्याच्या धारेवरूनच भिंत नेली.

पुढे सायकमोर गॅप ही खिंड. तिथलं एकुलतं झाड सप्टेंबर २०२३मध्ये दोघांनी रात्री कापून टाकलं, २०२५मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या झाडाखाली मी डबा खाल्ला आहे. नंतर गेले तेव्हा मला तिथे थांबवेना. बुंध्याला २०२४मध्ये नवे कोंब फुटले आहेत. कृपा करून कुंपणाबाहेरूनच पाहा.

क्रॅग लॉफ तळ्यावरच्या कड्याने हाउसस्टेड्सच्या किल्ल्यावर याल. किल्ल्याच्या अलीकडे झाडीतला छोटासा भाग सोडला, तर भिंतीवर चढून चालायला कुठेही परवानगी नाही. शेजारच्या हिरवळीवरून चाला, तेही एकामागे एक नको. त्याने जमीन एकाच रेषेत झिजते. किल्ल्यातलं सैनिकांचं सामुदायिक शौचालय चुकवू नका. टाक्यांत साठवलेलं पावसाचं पाणी घाण कशी वाहून नेई, ते तिथे नीट समजतं.

सूइंगशील्ड्सनंतर कडा संपतो आणि सपाट कुरणं लागतात. या भागात भिंत फारशी उरलेली नाही. अठराव्या शतकात लष्करी रस्ता करताना तिचेच दगड वापरले. ब्रोकोलिटिया या रोमन किल्ल्याजवळचं, रोमन सैनिक भजत त्या मिथ्र देवाचं ठेंगणं देऊळ मात्र वाटेवरच आहे. तिथल्या वेदी प्रतिकृती आहेत, मूळ वेदी न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये मुलीबरोबर जाऊन पाहा. लाइमस्टोन कॉर्नरला भिंतीपुढचा खंदक अर्धवट सोडलेला दिसेल. दगडात पाचर ठोकायला केलेल्या खाचाही तशाच आहेत.

वाटेतल्या खाण्याच्या भरवशावर राहू नका. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि खजूर नेतो. पाणी माणशी दोन लिटर. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे घाई नको. वहिनींना एवढं चालायचं नसेल तर त्यांनी पाचेक किलोमीटरवरच्या हाउसस्टेड्सहून बसने चेस्टर्सला यावं. बसच्या वेळापत्रकाचा फोटो मात्र सकाळीच काढून ठेवा. कड्यावर मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही.